वाळवी लाकूड पचवते तरी कशी?

प्रश्न: आमच्या जुन्या घराच्या दाराची चौकट वाळवीने आतून पार पोखरली. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, वाळवीला लाकूड पचतच नाही, तिच्या पोटातले जंतू पचवतात. खरं का हे? आणि पिल्लांच्या पोटात ते जंतू येतात कुठून?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: बरंचसं खरं आहे. वाळवीच्या लाळेत आणि आतड्यात तिचं स्वतःचं थोडं एन्झाइम असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. शहरातल्या फर्निचरला लागणारी कॉप्टोटर्मिससारखी वाळवी घ्या, तिच्या आतड्याचा मागचा भाग फुगलेला असतो आणि त्यात ट्रायकोनिम्फासारख्या आदिजीवांची, म्हणजे एकाच पेशीच्या सूक्ष्म जीवांची, नुसती गर्दी असते. मायक्रोस्कोपखाली आतड्यातला द्रव थेंबभर ठेवला तर अंगभर केसांसारखे तंतू हलवत ते सरकताना दिसतात, आणि त्यांच्या पोटात लाकडाचे कणसुद्धा चक्क दिसतात! ते कण गिळून, तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतानाच, लाकडाचा मुख्य घटक असलेलं सेल्युलोज फोडतात आणि त्यातून जे अ‍ॅसिटेट बाहेर पडतं त्यावर वाळवी जगते. लाकडात नायट्रोजन अगदीच कमी, तर आतड्यातले काही बॅक्टेरिया तोही हवेतून धरून देतात.

याचा पुरावा 1920च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड या शास्त्रज्ञाने दिला आणि मला तो प्रयोग फार आवडतो, कारण इतका साधा आहे. उष्णता देऊन किंवा जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवून त्याने फक्त आदिजीव मारले, वाळवी जिवंतच. ती लाकूड खात राहिली आणि पोटात लाकूड असूनही काही आठवड्यांत उपाशी मेली. ज्यांच्या पोटात आदिजीव परत सोडले त्या मात्र जगल्या.

आता पिल्लांचं. अंड्यातून निघताना त्यांच्या आतड्यात यातलं काहीच नसतं. मोठ्यांच्या गुदद्वारातून येणारा द्रव चाटून ती हे सगळं मिळवतात. आणि कात टाकली की आतड्याच्या मागच्या भागाचं अस्तरही जातं, आदिजीव संपतात, मग पुन्हा घरातल्या कुणाकडून तरी घ्यावे लागतात, त्यामुळे ही वाळवी एकटी राहूच शकत नाही.

पण आपल्याकडे मातीची मोठी वारुळं बांधणाऱ्या ज्या ओडोंटोटर्मिस असतात ना, त्यांच्या आतड्यात लाकूड पचवणारे हे आदिजीव नसतात. बॅक्टेरिया असतात, पण मुख्य काम बुरशी करते. चावलेलं लाकूड आणि पालापाचोळा विष्ठेतून बाहेर काढून त्या वारुळात त्याचे स्पंजासारखे गोळे रचतात, त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवतात आणि तेच खातात. पावसाळ्यात कोकणात नि गोव्यात वारुळांवर जी अळंबी उगवते आणि लोक आवडीने खातात, ती याच बुरशीची.