एक्सकॉममध्ये सहा जणांची टीम निवडताना मी काय बघतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ (एलियनशी आळीपाळीनं चाली करत लढायचा व्हिडिओ गेम) क्लासिकवर, म्हणजे कठीण पातळीवर खेळताय, टीममध्ये चार स्नायपर (लांबून टिपणारे) आहेत, चौघांचाही नेम जबरदस्त, तरी दहशतीच्या मोहिमेत (एलियन नागरिकांवर तुटून पडतात ती) निम्मी टीम गारद होते. मग सहा जण नेमके कोणते घ्यायचे?

दोन स्नायपर घरी ठेवा, हे झालं छोटं उत्तर. पण तेवढ्यानं तुमचं भागणार नाही, कारण त्यांच्या जागी तुम्ही दोन हेवी (रॉकेटवाले) घ्याल आणि पुन्हा इथेच येऊन विचाराल. घोळ स्नायपरचा नाहीच. ‘सगळ्यात जास्त कोण मारतो’ हे बघून तुम्ही टीम लावताय. मीही तेच करायचो, आणि अख्खी एक कॅम्पेन (सुरुवातीपासूनचा पूर्ण खेळ) त्यात घालवली. ते पुढे सांगतो.

आधी जरा हिशेब करू. नवख्या रुकीचा नेम 65 असतो. समोरचा पूर्ण कव्हरमागे (आडोशामागे) असला की त्यातून 40 वजा, अर्ध्या कव्हरमागे असला की 20. जवळून झाडलेल्या गोळीला फायदा मिळतो आणि काही एलियनना स्वतःचाही बचाव असतो, पण ते सोडून देऊ. म्हणजे पूर्ण कव्हरमागच्या एलियनवर तुमची प्रत्येक गोळी 25 टक्क्यांची. चौघांनी एकेक झाडली तर चारही वाया जायची शक्यता जवळपास 32 टक्के. तीन टर्नमधून एकदा हात हलवत परत! आता चौघांपैकी एकाला गोळी झाडू देऊ नका, ग्रेनेड टाकायला लावा. ग्रेनेड चुकत नाही, थोडं का होईना रक्त काढतोच, आणि बहुतेक वेळा ती भिंत किंवा गाडीच उडवतो. उरलेल्या तिघांचा नेम 65 वर येतो, आणि तिघेही चुकायची शक्यता राहते 4 टक्क्यांच्या आसपास. एक बंदूक कमी केली आणि टीम कितीतरी पट जड झाली. त्या ग्रेनेडवाल्याच्या खात्यात मात्र ‘किल’ पडत नाही, म्हणून यादी बघून टीम लावणाऱ्याला तो कुचकामी वाटतो.

कबड्डीत पकड करताना पायाला हात घालणारा एक असतो, पण त्याचा दुसरा हात ज्याच्या हातात असतो तो नसला तर चढाई करणारा त्याला फरफटत रेषेपार घेऊन जातो. मी टीम लावताना ही साखळी बघतो: शत्रूला बघणार कोण, त्याचं कव्हर मोडणार कोण, मारणार कोण, आणि डाव फसला तर सगळ्यांना झाकणार कोण. या चारांपैकी एका कामाला माणूस नसेल, तर बाकीचे कर्नल (सगळ्यात वरच्या हुद्द्याचे) असले तरी मला धाकधूक वाटते.

आता तुमच्या स्नायपरकडे येऊ. कॉर्पोरल हुद्दा मिळाल्यावर गेम दोन पर्याय देतो, स्क्वॉडसाइट आणि स्नॅप शॉट (चालूनही गोळी झाडता येणं). तुम्ही चौघांनाही स्क्वॉडसाइट दिलंय असं धरतो, आणि तो पर्याय बरोबरच आहे. टीममधल्या कुणालाही शत्रू दिसला की मागे छपरावर बसलेला स्नायपर त्याला टिपू शकतो, उंचीमुळे नेमात 20 जादा मिळतात. पण त्या ‘कुणालाही’मध्येच सगळं आलं. चार जण मागे बसले की बघायला पुढे जाणार दोघे. त्यातला एक जखमी झाला की चार तोफा आंधळ्या. शिवाय स्नायपर रायफल घेऊन चाललात की त्या टर्नला ती झाडता येत नाही. दहशतीच्या मोहिमेत क्रिसलिड (पंजांनी मारणारे चपळ एलियन) धावत अंगावर येतात, तेव्हा स्नायपरपुढे दोनच रस्ते उरतात: जागचा हलू नको, नाहीतर पिस्तूल काढ. पिस्तुलानं क्रिसलिड मरायचा म्हणजे नवसच बोलावा लागेल. म्हणून एक स्नायपर, मोठा उघडा नकाशा असेल तर दोन. एलियनच्या यानात शिरायचं असेल तर मी कधीकधी एकही नेत नाही.

सपोर्टबद्दल, म्हणजे इतरांना सांभाळणाऱ्या सैनिकाबद्दल, मात्र मला भरभरून बोलायचंय, कारण तुमच्या यादीत तो एकच आहे आणि तोही ‘जागा उरली म्हणून’ घेतल्यासारखा. मी दोन घेतो, आणि दोघांना वेगवेगळं वाढवतो. पहिल्याला स्प्रिंटर आणि फील्ड मेडिक: तो इतरांपेक्षा लांब धावतो आणि एका मोहिमेत मेडकिट तीनदा वापरतो. खाली पडून रक्त वाहत असलेल्या सैनिकाकडे वेळेत पोचणारा टीममध्ये बहुधा हा एकटाच असतो. पुढे मेजर झाल्यावर त्याला वस्तूंसाठी आणखी एक खण मिळतो, तेव्हा मेडकिटबरोबर आर्क थ्रोअरही (एलियनला बेशुद्ध करायचं यंत्र) त्याच्याकडेच द्या. एलियन जिवंत पकडायचा तर त्याला अधमेला करून अगदी जवळ जावं लागतं, आणि जाऊन वेळेत परत यायला पाय लागतात.

दुसरा सपोर्ट धुराचा. स्मोक ग्रेनेडनं आत उभ्या असलेल्या सगळ्यांचा बचाव 20 नं वाढतो. त्याला रायफल सप्रेशन द्या. ज्याच्यावर तो गोळ्यांचा मारा धरून ठेवतो त्या एलियनचा नेम 30 नं घसरतो, आणि तो जागेवरून हलला तर वर एक गोळी खातो. क्लासिकवर म्युटॉन (दणकट एलियन सैनिक) येऊ लागले की मारण्याइतकंच महत्त्व त्यांना एक टर्न निकामी करण्याला येतं. ही गोष्ट मला दुसऱ्या कॅम्पेनपर्यंत कळलीच नव्हती. सप्रेशनचं बटण मी ‘फालतू’ म्हणून कधी दाबलंच नव्हतं.

हेवी एकच घ्या. रॉकेट म्हणजे कव्हर मोडायचं सगळ्यात मोठं हत्यार, पण चालल्यावर ते मारता येत नाही, आणि दहातलं एखादं भलतीकडेच जातं. आपली माणसं जवळ उभी असताना ही गोष्ट लक्षात ठेवा. शिवाय स्फोटानं मेलेल्या एलियनच्या शस्त्राचे तुकडे हाती लागत नाहीत, आणि सुरुवातीला संशोधनासाठी तेच हवे असतात. तेव्हा स्फोटानं कव्हर आणि रक्त उडवायचं, जीव गोळीनं घ्यायचा. सायबरडिस्क (उडत्या यंत्र-तबकड्या) दिसू लागल्या की हीट अ‍ॅम्युनिशन (यंत्रांना जास्त इजा करणारी) घेतलेला हेवी नसल्याचं फार वाईट वाटतं, एवढं सांगून पुढे जातो.

असॉल्ट (पुढे धावून जवळून मारणारे) दोन, निदान दहशतीच्या मोहिमेला तरी. एकाला लायटनिंग रिफ्लेक्सेस द्या. त्याच्यावर झाडलेली त्या टर्नमधली पहिली ओव्हरवॉचची (समोरचा हलताच आपोआप सुटणारी) गोळी चुकतेच. म्हणजे एखादा एलियन ओव्हरवॉच लावून बसला असेल तर आधी याला त्याच्यासमोरून पळवायचं, त्याची गोळी वाया घालवायची, मग बाकीच्यांनी बिनधास्त जायचं. दुसऱ्याला रॅपिड फायर (एकाच शत्रूवर लागोपाठ दोन गोळ्या) आणि क्लोज कॉम्बॅट स्पेशालिस्ट: क्रिसलिड जवळ आला की हा आपणहून बार काढतो. त्या मोहिमेत 18 नागरिक असतात आणि क्रिसलिडनं मारलेल्या प्रत्येकाचा झोंबी होतो, झोंबीतून पुन्हा क्रिसलिड निघतो. उशीर केलात तर शत्रूचं बळ तुमच्या डोळ्यांदेखत वाढतं. तुमच्या चार स्नायपरांचा बेत बहुधा इथेच फसतोय: नागरिकांकडे धावत जाणारं तुमच्याकडे कुणी नाही.

तर माझे नेहमीचे सहा: दोन असॉल्ट, दोन सपोर्ट, एक हेवी, एक स्नायपर. टीम चाराची असेल तोवर प्रत्येकी एक. सार्जंट आणि कॅप्टन तयार झाले की ऑफिसर ट्रेनिंग स्कूलमध्ये पाचवी आणि सहावी जागा घेता येते. ती बाकी सगळ्याच्या आधी घ्या.

आता ती वाया गेलेली कॅम्पेन. मी सैनिकांना मावस-चुलत भावंडांची नावं दिली होती. (देऊ नका. सुट्टीत सगळे भेटले की ‘मी कसा मेलो?’ असं विचारतात.) सहा जण जमले, एकाहून एक कर्नल, आणि प्रत्येक मोहिमेला तेच सहा. बाकीचे बराकीत माशा मारत. पाचव्या महिन्यात दहशतीची मोहीम आली, दोन कर्नल मेले, तीन जखमी होऊन दवाखान्यात. जखमी माणूस दिवसच्या दिवस मोहिमेला येत नाही हे मला माहीत होतं, पण एकाच वेळी तिघे आडवे होतील असा विचार केला नव्हता. काही दिवसांत अपहरणाची मोहीम येऊन ठेपली, आणि माझ्याकडे एक कर्नल आणि पाच रुकी. पहिला रुकी मेल्यावर दुसरा घाबरून बिथरला आणि आपल्याच माणसावर गोळी झाडून बसला. तिथून एक्सकॉमला पैसा पुरवणारे देश एकेक करून बाहेर पडू लागले. सोळांतले आठ गेले की खेळ संपतो, तो संपला.

तेव्हापासून मी टीम सहाची नाही, बारा-तेराची लावतो. प्रत्येक मोहिमेत पाच जाणते आणि एक कच्चा. गोळी मारून जीव घेणाऱ्याला अनुभव जास्त मिळतो, म्हणून शेवटचा, अधमेला एलियन कच्च्यासाठी राखून ठेवायचा. कर्नलला तो किल नकोच असतो. रुकीला पहिली बढती मिळते तेव्हा त्याचा वर्ग (स्नायपर, हेवी वगैरे) गेमच ठरवतो, तुमच्या हातात नसतो. हवा तो सपोर्ट मिळायला तीन-चार जणांना हात द्यावा लागतो, आणि हे संकट आल्यावर करता येत नाही.

1994 सालच्या मूळ ‘यूएफओ: एनिमी अननोन’मध्ये एका विमानात 14 जण कोंबता यायचे, त्यामुळे दोन-चार गेले तरी लोक पुढची मोहीम खेळत. 2012च्या या गेममध्ये सहाच्या वर जागा नाही. इथे एक गेला तरी साखळीचा एक हात सुटतो.

वस्तूंचं थोडक्यात: स्नायपरला स्कोप, सपोर्टला मेडकिट, कच्च्याला ग्रेनेड (नेम नसला तरी उपयोगी पडतो, वरचा हिशेब बघा), असॉल्टला व्हेस्ट. पैसे कमी असतील तर नव्या बंदुकांआधी चिलखत घ्या. चिलखताच्या जादा जिवापुरतीच इजा झाली तर सैनिक जखमींत धरला जात नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

तुमच्या चौघांतला सगळ्यात वरच्या हुद्द्याचा स्नायपर मुख्य टीममध्ये ठेवा, दुसरा बदली म्हणून. उरलेल्या दोघांना काढून टाकू नका. एकेकाला छोट्या मोहिमांना न्या, बाजूला तीन कच्चे द्या, आणि छपरावरून त्यांची राखण करू द्या. पुढच्या दहशतीच्या मोहिमेपर्यंत त्या कच्च्यांमधून एखादा सपोर्ट निघाला, तर त्याला आधी स्प्रिंटर द्या.