आधी तारीख शोध

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. प्रवाळभित्ती वाचवायच्या आहेत, मग दगड झालेल्या प्रवाळांवर वेळ का घालवायचा, असं तुला सगळे विचारताहेत. मला तुझी निवड मनापासून पटली. पाण्याखाली उतरून पद्धतशीर मोजणी सुरू होऊन जेमतेम काही दशकं झाली आहेत आणि भित्ती हजारो वर्षांच्या आहेत. पहिली मोजणी झाली तेव्हाच एखादी भित्ती खालावलेली असेल, तर त्या खालावलेल्या रूपालाच आपण निरोगी समजून बसतो. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये मासेमारीच्या संदर्भात हाच धोका दाखवला होता.

पण जीवाश्मांकडे जुन्या वैभवाचं चित्र म्हणून पाहू नकोस. त्यांच्याकडून तारीख मिळव. काय होतं यापेक्षा ते कधी गेलं, हा प्रश्न संवर्धनाला जास्त उपयोगी पडतो. तारीख हाती आली की निम्मे संशयित आपोआप सुटतात.

मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधल्या चॅनल के या भित्तीवरचं काम नीट अभ्यास. रिचर्ड अॅरनसन आणि विल्यम प्रेक्ट यांनी तिथे भित्तीत नळ्या ठोकून कोअर, म्हणजे थरांचे उभे नमुने, काढले. खालपासून वरपर्यंत चिखलात रुतलेल्या स्टॅगहॉर्न प्रवाळाच्या फांद्या, निदान 3,000 वर्षं त्याच. अगदी वर मात्र पातळ पात्यांच्या अॅगॅरिशिया या दुसऱ्या प्रवाळाचा थर. 1986 नंतर व्हाइट-बँड या प्रवाळांच्या रोगाने स्टॅगहॉर्न मेलं आणि ही जागा अॅगॅरिशियाने घेतली. असा बदल त्या कोअरमध्ये खाली कुठेच सापडत नाही. त्यामुळे ‘निसर्गात असे चढउतार व्हायचेच’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. पुढे 1998 च्या ब्लीचिंगमध्ये, म्हणजे पाणी तापून प्रवाळं पांढरी पडण्यात, ते अॅगॅरिशियाही गेलं.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या पेलोरस बेटाची गोष्ट वेगळी आहे. तिथलं अॅक्रोपोरा (स्टॅगहॉर्न याच गटातलं) 1920 ते 1955 च्या दरम्यान कोसळलं, असं जॉर्ज रॉफ आणि सहकाऱ्यांना कोअरमधून दिसलं. तापमानवाढीमुळे होणारं व्यापक ब्लीचिंग तर 1980 च्या आसपास सुरू झालं. मग संशय जातो तो युरोपीय वसाहतीनंतर मोकळ्या केलेल्या, चराईखाली आलेल्या जमिनीवरून नद्यांनी आणलेल्या गाळावर. त्याच किनाऱ्यावर बर्डेकिन नदीच्या प्रभावातल्या प्रवाळांच्या सांगाड्यांत 1870 नंतर बेरियम वाढलेलं आढळतं, तेही गाळाचीच खूण. आज उष्णता हा सर्वांत मोठा धोका आहे, यात शंका नाही. पण अशा भित्तीसाठी नदीच्या खोऱ्यात काम केल्याशिवाय भागणार नाही, आणि हे समुद्रात कितीही डुबक्या मारून कळलं नसतं.

पनामातल्या बोकास देल तोरो इथे केटी क्रेमर यांनी कोअरमधले पॅरटफिशचे, म्हणजे भित्तीवरचं शेवाळ खाणाऱ्या माशांचे, दात मोजले. दात घटले की भित्तीची वाढही मंदावलेली. पॅरटफिशची मासेमारी रोखायला याहून चांगला पुरावा कुठला?

उत्तर नेहमी आपल्या सोयीचं येईल असं मात्र धरू नकोस. पनामाच्याच पॅसिफिक किनाऱ्यावर सुमारे 4,000 वर्षांपूर्वी भित्तींची वाढ थांबली ती जवळपास 2,500 वर्षं. लॉरेन टॉथ आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध एल निनोच्या वाढलेल्या चढउतारांशी जोडला, माणसाशी नाही. फ्लोरिडातल्या बहुतेक भित्तींची वाढही समुद्र थंडावल्याने सुमारे 3,000 वर्षांपूर्वीच थांबली होती. अशा ठिकाणी ‘भित्ती पूर्वीसारखी वाढवून दाखवू’ असं कुणाला सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही. आहे ती झिजू न देणं हेसुद्धा तिथे मोठं ध्येय आहे.

आता हातातल्या कामाबद्दल. युरेनियम-थोरियम पद्धतीने वय काढायचं तर सांगाडा मूळच्या अॅरगोनाइट या खनिजाचाच असायला हवा. तुकडा ताजा फोडून लेन्सखाली धर. बारीक छिद्रं मोकळी आणि सांगाड्याची मूळची जडणघडण शाबूत असेल तर आशा आहे. छिद्रांत चमकदार स्फटिक भरलेले दिसले तर तिथे कॅल्साइट हे नंतर बनलेलं खनिज शिरलं असण्याची दाट शक्यता आहे. तो तुकडा कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेव, आणि डोळ्यांना चांगला वाटलेलाही क्ष-किरण विवर्तनाने तपासल्याशिवाय पुढे पाठवू नकोस. चुकीच्या तारखेमुळे निर्दोष कारणावर ठपका बसतो.

दुसरी अडचण नमुन्यांच्या सरमिसळीची. वादळात फांद्यांची प्रवाळं मोडून दूर वाहून जातात, घुमटासारखी जागीच राहतात. एकाच ढिगात शेकडो वर्षांचे तुकडे शेजारी पडलेले असू शकतात. म्हणून जिवंत भित्तीवर मोजणीची टेप लावशील तसाच तिच्या पायथ्याच्या मेलेल्या तुकड्यांवरही लाव आणि दोन्ही याद्या ताडून बघ. जिवंत समूहातलं ढिगात काय गळतं आणि काय प्रमाणाबाहेर फुगतं ते कळल्याशिवाय जीवाश्मांच्या टक्केवारीवर विसंबू नकोस.

नवे कोअर काढण्याआधी संग्रहालयांतले जुने कोअर मागून बघ. त्यांतले काही अजून कुणी कापलेलेही नसतात. आणि अहवालाचं पहिलं पान किनाऱ्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिही: काय बदललं, कधी, तारखेत किती वर्षांची चूक संभवते, आणि त्या काळात किनाऱ्यावर काय चाललं होतं. आलेख मागे जाऊ देत.

कामाचा आराखडा झाला की नमुन्यांच्या जागा दाखवणाऱ्या नकाशासकट पाठव. नद्यांची मुखं त्यावर आवर्जून दाखव.