वाचकांचे प्रश्न : आफ्रिकेतून परदेशी क्लबकडे

प्रश्न : झांबियाची फुटबॉलपटू बार्ब्रा बांडा थेट अमेरिकेतल्या लीगमध्ये पोहोचली का?

उत्तर : नाही. २०१८ मध्ये ती स्पेनमधल्या लोग्रोन्योच्या क्लबकडे गेली, २०२० मध्ये शांघायला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडो प्राइड क्लबकडे. मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने लागोपाठ दोन सामन्यांत हॅट्ट्रिक केली, आधी नेदरलँड्सविरुद्ध, मग चीनविरुद्ध. तिच्याच देशाची रेचेल कुंदानान्जी कझाकस्तान आणि स्पेन करून अमेरिकेत आली. मलावीच्या ताबिथा आणि टेम्वा चाविंगा या बहिणी स्वीडनमार्गे चीनला गेल्या. टेम्वाने पुढे २०२४ मध्ये कॅन्सस सिटीकडून खेळताना एका हंगामात २० गोल केले.

या वाटेमागे कारण आहे. लहान लीगमध्ये नव्या खेळाडूला पूर्ण ९० मिनिटं मिळतात, आणि मोठे क्लब तिचे सामने बघूनच पैसे मोजतात. बाकावर बसलेल्या खेळाडूला कोण बघणार? पहिला क्लब निवडताना लीगच्या नावाला भुलू नये.

वयाचा नियमही कडक आहे. १८ वर्षांखालील खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी करायला फिफाची बंदी आहे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, असे मोजके अपवाद आहेत. लागोस किंवा लुसाकातल्या सोळा वर्षांच्या मुलीला कुणी युरोपातला करार दाखवत असेल, तर आधी त्याचा एजंट म्हणून असलेला फिफा परवाना मागावा.

प्रश्न : खेळाडू मोठ्या किमतीला विकली गेली, तर तिला लहानपणी घडवणाऱ्या क्लबला काही मिळतं का?

उत्तर : मिळतं, पण नोंद असेल तरच. ट्रान्सफर फीच्या, म्हणजे नवा क्लब जुन्या क्लबला खेळाडूसाठी देतो त्या किमतीच्या, ५ टक्के रक्कम खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते. १२ ते १५ वयातल्या प्रत्येक हंगामाला फीच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ वयातल्या प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. बांडासाठी ऑर्लँडोने सुमारे ७,४०,००० डॉलर मोजल्याचं जाहीर झालं होतं. त्या हिशेबाने ती १४ वर्षांची असतानाचा एक हंगाम १,८५० डॉलरचा, आणि १७ व्या वर्षाचा ३,७०० डॉलरचा. वस्तीतल्या क्लबला एवढ्यात बूट, चेंडू आणि प्रवासखर्च भागवता येतो.

घोटाळा होतो तो इथेच. मुली शाळेच्या किंवा वस्तीच्या संघातून खेळतात, आणि राष्ट्रीय संघटनेकडे त्यांची नोंदणीच झालेली नसते. मग फिफाच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टमध्ये, म्हणजे खेळाडू कधी कोणत्या क्लबकडे होती याच्या नोंदीत, ती वर्षं कोरी दिसतात आणि हक्क बुडतो. नोंदणी दरवर्षी, त्याच हंगामात करून घ्यावी. आणखी एक अडचण म्हणजे करार संपल्यावर खेळाडू फीशिवाय दुसऱ्या क्लबकडे गेली तर वाटायला फीच उरत नाही. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये अशा वेळी प्रशिक्षण भरपाईचा, म्हणजे नव्या क्लबने घडवणाऱ्या क्लबला द्यायच्या पैशांचा, आधार असतो, पण महिला फुटबॉलला तो नियम लागू नाही. आमच्या मते लहान क्लबांवरचा हा मोठा अन्याय आहे.

प्रश्न : परदेशी क्लबने पगार थकवला तर?

उत्तर : रागाच्या भरात शिबिर सोडून घरी जाऊ नये. करार तिनेच मोडला असं म्हणायला क्लबला आयतं कारण मिळतं. दोन महिन्यांचे पगार थकले की लेखी नोटीस द्यावी, त्यात कोणत्या महिन्याची किती बाकी आहे ते स्पष्ट लिहावं आणि १५ दिवसांची मुदत द्यावी. तरीही पैसे आले नाहीत तर करार रीतसर मोडून फिफाच्या न्यायाधिकरणाकडे दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. खेळाडूला त्याची फी भरावी लागत नाही. दाव्यात कागदच बोलतो. घरभाडं, विमानाची तिकिटं, गोलमागचा बोनस यांचं नुसतं तोंडी आश्वासन असेल तर ते सिद्ध करणं फार जड जातं. दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत पहिल्याच दिवशी स्वतःकडे घ्यावी.

प्रश्न : क्लब राष्ट्रीय संघाकडून खेळायला अडवू शकतो का?

उत्तर : फिफाच्या महिला कॅलेंडरमधल्या तारखांना नाही. त्याबाहेरच्या मैत्रीपूर्ण सामन्याला मात्र क्लब नकार देऊ शकतो. प्रवासाचा खर्च बोलावणाऱ्या संघटनेने करायचा असतो.