एकच जनुक दोन क्लस्टरमध्ये दाखवेल असं सॉफ्टवेअर कोणतं?

के-मीन्स आणि हायरार्किकल क्लस्टरिंग या गट पाडण्याच्या नेहमीच्या पद्धती प्रत्येक जनुकाला एकाच गटात बसवतात, मायक्रोअॅरेच्या (हजारो जनुकांची सक्रियता एकदम मोजणाऱ्या चिपच्या) डेटासाठी दुसरं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, आणि तुमची शंका अगदी रास्त आहे. एका जनुकावर अनेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांचा, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांचा, ताबा असतो. उष्णतेच्या ताणात ते एका गटाबरोबर वरखाली होतं, उपासमारीत दुसऱ्याच.

टाइम कोर्स, म्हणजे वेगवेगळ्या वेळी घेतलेली मोजमापं, असेल, नमुने थोडे असतील, तर आर भाषेच्या बायोकंडक्टर या पॅकेज-संग्रहातलं एमफझ घ्या. ते फझी सी-मीन्स वापरतं आणि प्रत्येक जनुकाला प्रत्येक क्लस्टरसाठी ० ते १ मधलं सदस्यत्व देतं. मी सुरुवातीला फझिफायर, म्हणजे गटांच्या सीमा किती धूसर हे ठरवणारा आकडा, सवयीने २ ठेवला, तर सगळी सदस्यत्वं जवळपास सारखीच आली. तो एमएस्टिमेट फंक्शनने काढा. आणखी एक, या सदस्यत्वांची बेरीज १ असते. म्हणून दोन्ही गटांत खरोखर असलेलं जनुक आणि दोन्हींच्या मध्ये नुसतं लटकलेलं जनुक, दोघांनाही ०.५ मिळू शकतं. अशा जनुकांचे आलेख स्वतः काढून पाहाच.

परिस्थिती बऱ्याच आणि वेगवेगळ्या असतील तर मात्र मी बायक्लस्टरिंगच सुचवेन, कारण त्यात जनुकं आणि नमुने एकत्रच निवडले जातात. चेंग आणि चर्च यांची २००० सालची पद्धत प्रसिद्ध आहे, पण ती सापडलेल्या बायक्लस्टरच्या जागी यादृच्छिक आकडे भरून पुढचा शोधते, त्यामुळे सामाईक भाग सापडणं अवघड होतं. तुमच्या प्रश्नाला ती बसत नाही. आरच्या बायक्लस्ट पॅकेजमध्ये तिच्याबरोबर प्लेड आणि बायमॅक्स या पद्धतीही आहेत, त्यांत सामाईक जनुकं चालतात. माझा सगळ्यात जास्त भरवसा इटरेटिव्ह सिग्नेचर अल्गोरिदमवर, म्हणजे आयएसएवर आहे. प्रत्येक बीज-संच (सुरुवातीला घेतलेला जनुकांचा संच) स्वतंत्रपणे मॉड्यूलपर्यंत, म्हणजे जनुकं आणि नमुने यांच्या एका गटापर्यंत, पोचतो, म्हणून एक जनुक अनेक मॉड्यूलमध्ये सहज येतं. तेच मॉड्यूल थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येतं, तेवढी जवळजवळ सारखी मॉड्यूल एकत्र करावी लागतात.

मग प्रत्येक जनुकाच्या ओळीतले आकडे आपापसांत विस्कटून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवा. विस्कटलेल्या डेटातही तितकीच मॉड्यूल निघाली तर उंबरठा, म्हणजे जनुक मॉड्यूलमध्ये घेण्याची किमान पातळी, वाढवा. जीओ एनरिचमेंट, म्हणजे गटात कोणत्या कार्याची जनुकं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत ते, तपासताना पार्श्वभूमी म्हणून संपूर्ण जीनोम घेऊ नका, गाळणीतून उरलेली चिपवरची जनुकंच घ्या.