सुट्टीत मुलगी पुस्तकाला हात लावत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चौथीत आहे, मे लागताच शाळेला सुट्टी पडली, गोष्टींची दहा-बारा मराठी पुस्तकं घरात आणून ठेवलीत, तरी ती एकही उघडत नाही आणि दुपारभर "कंटाळा आला" चालू असतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अगदी हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. मुलगी गुजराती माध्यमात, त्यामुळे मराठी घरात बोलण्यापुरती. वेकेशन पडलं की मी तिला मराठी वाचायला बसवायची. दहा पानं वाचलीस तर कुल्फी, वाचून झालं की गोष्ट सांगायची. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी रडारड. आता कळतं, तिला ती शाळाच वाटत होती.

फरक पडला तो छुंद्याच्या दिवशी. पाच किलो राजापुरी कैऱ्या आणल्या होत्या. सोलायच्या, किसायच्या, मीठ-हळद लावून साखर मिसळायची आणि पातेल्याला मलमल बांधून अगाशीत उन्हात ठेवायचं. पाक एकतारी होईपर्यंत रोज सकाळी वर न्यायचं, संध्याकाळी ढवळून खाली आणायचं. दुपारची वेळ, बाहेर 42 डिग्री, मी आणि सासूबाई किसत बसलेल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, बारीक अक्षर वाचायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. दिवाळी अंकातली एक गोष्ट त्यांची त्यामुळे अर्धी राहिली होती. त्या नातीला म्हणाल्या, "माझे हात बरबटलेत आणि डोळ्यांनी दिसत नाही. तो विहिरीत उतरलेला माणूस वर आला की नाही, तेवढं वाचून सांग गं."

ती वाचायला लागली. अडखळत. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. ख, ज, भ ही अक्षरंही वेगळी दिसतात, तिथे बोट ठेवून थांबायची. 'चांदणं' तिने चहातल्या 'च'ने वाचलं. आजींनी किसणी थांबवली नाही. "चंद्र म्हण. आता चमचा म्हण. चांदण्यातला च चमच्यातला." तिने दोन्ही शब्द तीन-चारदा पुटपुटून पाहिले आणि म्हणाली, "आमच्या शाळेत असा च नाहीच!" तो माणूस विहिरीतून वर येईपर्यंत ती उठली नाही.

मला तिथे जे उमगलं तेच तुम्हाला सांगायचंय. ती स्वतःसाठी वाचत नव्हती, आजींना ऐकायचं होतं म्हणून वाचत होती. आपण मुलांना पुस्तक देतो, पण त्यांच्या वाचनाची घरात कुणाला गरज नसते. तुम्ही ऐकणाऱ्या व्हा. लसूण सोला, गहू निवडा, कपड्यांच्या घड्या करा, काहीही करा, पण हात गुंतलेले हवेत आणि पुढे काय झालं हे तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं हवं. गोष्ट तुमच्या आवडीची घ्या, मुलांसाठी लिहिलेलीच हवी असं नाही. प्रत्येक चूक सुधारू नका. काम संपलं की गोष्ट अर्धी असली तरी तिथेच थांबा.

नंतर ती स्वतःच पुस्तकं मागू लागली, तेव्हा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत नेलं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये त्यांच्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं; शिकलेल्या माणसांना पुढे वाचायला काही हवं, म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि ही लायब्ररी उभी राहिली. खेड्यांत तर पुस्तकं पेट्या भरून पाठवत. माझा या शहरावर जीव आहे तो अशा गोष्टींमुळे. मुलीला मात्र वेगळंच आवडलं: तिथे पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. हे सांगितल्यावर ती माझ्याआधी चप्पल घालून दारात उभी!

तुमच्या घरी आजी-आजोबा नसतील तर फोनवरही जमतं. माझी आई ग्वाल्हेरला असते. मागच्या वर्षापासून मुलगी दर रविवारी तिला एक गोष्ट वाचून दाखवते. आई मध्ये बोलत नाही, फक्त "हं" म्हणते. "हं" यायला जरा उशीर झाला की ही थांबते, "आजी, ऐकतेयस ना?" विचारते, आणि मागचं वाक्य पुन्हा वाचते.