भिंत हलणार आहे का, ते आधी ठरवा

घराचं काम काढताना पहिला प्रश्न सोफ्याचा नको. भिंत, पाइप किंवा फरशीची पातळी बदलणार असेल तर ते काम इंटिरियर आर्किटेक्चरचं. रंग, पडदे, फर्निचर, दिवे एवढंच असेल तर इंटिरियर डिझायनर पुरे.

जुन्या इमारतीत ९ इंची विटांची भिंत बहुधा वरचा भार पेलते. आरसीसी, म्हणजे काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या, चौकटीतली ४-४.५ इंची भिंत सहसा नुसता आडोसा असते. मायवान पद्धतीच्या (भिंती आणि स्लॅब साच्यात एकत्र ओतलेल्या) नव्या टॉवरमध्ये मात्र पातळ भिंतही काँक्रीटची आणि भार घेणारी असू शकते. ठोकून आवाजावरून ठरवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल आणि सोसायटीची परवानगी हातात येईपर्यंत हातोडा बाजूला.

सगळ्यात जास्त फसगत होते ती संडासाची जागा बदलताना. कमोडचा ११० मिमी पाइप साधारण १:४० उताराने न्यावा लागतो, म्हणजे ६ फुटांत जवळजवळ पावणेदोन इंच. तिथला स्लॅब खाली घेतलेला नसेल तर पाइप, उतार आणि फरशीचा थर मिळून जमीन ७-८ इंच वर येते. थ्रीडी चित्रात हे कळत नाही. चित्र नेहमी छानच असतं. वॉटरप्रूफिंगनंतर तिथे ४८ तास पाणी साठवा, खालच्या घराचं छत बघा, मगच टाइल्स.

फर्निचरचा आराखडा मात्र वायरिंगसाठी भिंती कोरण्याआधीच पक्का हवा. पलंग ६ इंच सरकला तरी स्विचबोर्ड त्याच्या पाठीमागे गडप होतो.