वाचकांचे प्रश्न : वरचा मजला घेऊ का दक्षिणेचा फ्लॅट?

प्रश्न : मिस्टरांची मिहानला बदली झालीये, पुण्याहून नागपूरला शिफ्ट होतोय. डिसेंबरमध्ये दोन फ्लॅट बघून आलो. एक मनीषनगरला, नवीन, सगळ्यात वरचा मजला, हॉल-बेडरूम पश्चिमेला, वर गच्ची आमचीच. दुसरा जुन्या बिल्डिंगमधला, दुसरा मजला, दक्षिणेला तोंड, समोर कडुनिंब. सासूबाई म्हणतात दक्षिण नकोच. काय करू?

उत्तर : डिसेंबरमध्ये नागपुरातलं कोणतंही घर छानच वाटतं हो ताई, घर बघायचं ते मेमध्ये, दुपारी चारला. ४४-४५ तर इथे नेहमीचं, २०१३ च्या मेमध्ये ४७.९ झालं होतं. मी दक्षिणेचाच घेईन, सासूबाईंची माफी मागून.

कारण ऐका. आपण २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, सूर्य दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे सगळ्यात जास्त ऊन झेलतो तो स्लॅब, आणि दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन जवळपास येतच नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलला की त्याच खिडकीतून ऊन आत येतं, आणि इथल्या थंडीत ते हवंच असतं बाप्पा! पश्चिमेचं नेमकं उलट, तीननंतर ऊन आडवं आत घुसतं, छज्जा कितीही लांब काढा अडत नाही, बाहेरून बांबूची चिक नाहीतर हिरवी नेट लावावी लागते. लोक आतून जाड पडदे लावतात पण काचेतून ऊन आत आलं की आलंच, मग पडदाच तापतो.

वरच्या मजल्याचं खरं दुखणं रात्रीचं. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळपासून उष्णता खाली सोडत राहतो, बाहेर हवा जरा बरी झालेली असते आणि आत पंखा लावला की गरम झोत अंगावर, बेडवरची चादरसुद्धा कोमट लागते. गच्चीला पांढरा चुना मारला किंवा पांढऱ्या चायना मोझॅक टाइल्स बसवल्या तर फरक पडतो, नाही असं नाही, पण त्यावर धूळ बसली की गुण कमी होतो, आणि चुना पावसाळ्यानंतर परत मारा.

आता कूलर, कारण पुण्याहून येणाऱ्यांना हे लक्षातच येत नाही. कोरड्या हवेत कूलर मस्त चालतो, पण तो खिडकीबाहेर स्टँडवर हवा आणि समोरची एखादी खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. नव्या बिल्डिंगमध्ये सगळीकडे स्लायडिंग काचा, वर सोसायटी म्हणते बाहेर काही लटकवू नका, मग कूलर ठेवणार कुठे? जूनमध्ये पाऊस लागला की तोच कूलर चिकचिक करतो, तेवढ्यासाठी एका खोलीत एसी असू द्या.

आणि कूलर पाणी पितो भरपूर. मेमध्ये बोअर चालते की टँकर बोलवावा लागतो हे बिल्डरला किंवा ब्रोकरला नाही, तिथेच तळमजल्यावर राहणाऱ्या एखाद्या काकूंना विचारा.